सायकल स्टँडवरच्या गोष्टी

(१९८८ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात पहिल्या दिवशी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. गॅरेजात मी दिवसभर बोलतो, पण तिथं समोरचा माणूस बंद गाडी घेऊन उभा असतो, त्यामुळे तो ऐकून घेतो. तुम्ही सगळे आज चालू गाड्यांनी आलात. तरी ऐकून घ्या.

संयोजकांनी फोन केला आणि म्हणाले, "डॉक्टर मित्र आरोग्यावर बोलणार, प्राध्यापक मित्र शिक्षणावर, तू गाड्यांवर बोल." मी म्हटलं, बरं. आपल्या बॅचमधले निम्मे लोक मला गाडी बंद पडल्यावरच फोन करतात, तेव्हा आज गाडी चालू असतानाही थोडं ऐकवून घेतो.

सुरुवात आपल्या शाळेच्या सायकल स्टँडपासूनच करतो. पिंपळाच्या बाजूला पत्र्याचं शेड होतं, आठवते ना? त्यात दीड-दोनशे सायकली. हर्क्युलस, अॅटलस, हिरो, एखादी रॅले. रॅले ज्याची, तो स्वतःला जिल्हाधिकारी समजायचा. मुलींच्या सायकलींना दांडा नसायचा आणि आपल्याला तेवढ्यावरूनही हसू यायचं, काय कारण होतं देव जाणे. आणि स्टँडच्या एका कोपऱ्यात, सावलीत, विज्ञानाच्या सरांची राजदूत. त्या राजदूतचा आवाज फाटकाशी आला की दहावी 'अ' पासून 'ड' पर्यंत चारही वर्ग गप्प व्हायचे. सर, तुम्हाला वाटायचं तुमचा दरारा आहे. अर्धा दरारा त्या टू-स्ट्रोक इंजिनाचा होता.

इंग्रजीच्या बाईंची लुना होती. काटोलात त्या काळात बाईमाणसानं गाडी चालवणं म्हणजे लोक दुकानातून बाहेर येऊन पाहायचे. लुना १९७२ साली बाजारात आली, पन्नास सीसीची, आणि तिला पायडल होते हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. चढ आला की बाई पायडल मारायच्या. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलं की मागं निळा धूर, आणि प्लगवर काळं चढून गाडी बंद. मग आम्ही तीन-चार पोट्टे धावत जायचो, प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, शर्टाला पुसायचा, लावायचा. माझं पहिलं गॅरेज म्हणजे बाईंची लुना. बाईंनी मला इंग्रजीत पस्तीस मार्क दिले, ते त्या प्लगचेच होते असं मी आजही मानतो.

सायकल आपण कशी शिकलो? तान्ह्या पोळ्याला बोजारा मिळायचा. घरोघरी लाकडी नंदी घेऊन फिरलं की चार आणे, आठ आणे. ते सगळे पैसे त्याच दिवशी भाड्याच्या सायकलच्या दुकानात जायचे. तासाचं भाडं, वहीत नाव, बापाचं नाव, आणि दुकानदाराची एकच ताकीद, "पंक्चर झाली तं पैसे तुले द्या लागतीन." सीटवर पाय पुरत नव्हते, म्हणून दांड्याच्या खालून पाय घालून कैची मारत शिकलो. माझ्या उजव्या पोटरीवर चेनचा डाग अजून आहे. तुमच्यातल्या किती जणांच्या पोटरीवर आहे, ते जेवणाच्या सुट्टीत दाखवा.

त्या सायकलीनं आपल्याला काटोल दाखवलं. जाम नदीचा पूल, स्टेशन, पारडसिंग्याला अनसूया मातेचं देऊळ, मेटपांजऱ्याकडचे संत्र्याचे बगीचे. बगीच्यातून संत्री तोडल्याबद्दल ज्या-ज्या मालकांची माफी मागायची आहे, त्यांतले दोघे-तिघे आज आपले व्याही झालेत.

मग मोटरसायकली आल्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, एकाच वर्षी. हे दोन पंथ होते. ज्याच्या घरी हिशेब चालायचा त्यानं हिरो होंडा घेतली. तिला फोर-स्ट्रोक इंजिन, पेट्रोल कमी, आवाज नाही. ज्याच्या घरी पोराचं चालायचं त्यानं आरएक्स घेतली. वजन शंभर किलोच्या आसपास आणि ताकद अकरा घोड्यांची. आजच्या आकड्यांपुढे अकरा घोडे म्हणजे काहीच नाही, पण हलक्या गाडीला अकरा घोडे लावले की पहिल्या गिअरला पुढचं चाक जमीन सोडते. १९९६ ला ती बंद झाली. आज माझ्याकडे वीस-बावीस वर्षांची पोरं येतात, जी गाडी बंद झाली तेव्हा जन्मलीही नव्हती, आणि म्हणतात, "काका, कुठं आरएक्स भेटन का? लाख रुपये देतो." शेतात कोंबड्यांनी बसायला वापरलेली आरएक्स मी चालू करून दिली आहे. किक मारल्यावर तो आवाज आला तेव्हा त्या पोराच्या आजोबांनी घरातून बाहेर येऊन विचारलं, "कोण आलं?" गाडी त्यांच्याच मोठ्या मुलाची होती.

म्हणून मी या पोरांना नावं ठेवत नाही. गाडीचं वेड काय असते ते मला ठाऊक आहे. पोरगा दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे चार दिवस बसून कार्बोरेटर खोलायला शिकतो, जेट साफ करतो, आणि रात्री नऊला माय फोन करते तेव्हा त्याला कळते की आपण जेवलो नाही. अशी तल्लीनता शाळेत आपल्यापैकी कोणी दाखवली होती? बेकार पोट्टे म्हणून लोक ज्यांना हाकलतात, त्यांतले दोघे आज पुण्याकडे गाड्यांच्या कारखान्यात चांगल्या पगारावर आहेत.

पण माझ्याकडे येणाऱ्यांचं पहिलं काम काय असते? "काका, आरसे काढून टाका." आरसा म्हणजे त्यांना म्हातारपण वाटते. दुसरं काम, सायलेन्सर बदला. तिसरं, मागचा मडगार्ड काढा. ब्रेकचे शू घासून लोखंडाला लागलेत, चेन झोळीसारखी लोंबते, टायरची नक्षी गेली, त्याबद्दल एक शब्द नाही. मी आरसे काढत नाही. सायलेन्सर लावत नाही. त्यामुळे माझं अर्धं गिऱ्हाईक बाजूच्या गॅरेजात जाते. जाऊ द्या.

ब्रेकचं थोडं सांगतो, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी अठरा-वीस वर्षांचं पोरगं किंवा पोरगी आहे. आपल्याकडे पोरं फक्त मागचा ब्रेक दाबतात. कोणीतरी लहानपणी सांगितलेलं असते की पुढचा दाबला तर गाडी उलटते. सायकलवरून हे ज्ञान आलेलं. खरं उलट आहे. ब्रेक लागला की सगळं वजन पुढं येते, पुढचं चाक जमिनीला घट्ट धरते, मागचं हलकं होते. हलकं चाक दाबून काय होणार? घसरते. दोन्ही ब्रेक सोबत, आणि पुढचा हळूहळू वाढवत दाबायचा. नव्या गाड्यांना १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं झालं, २०१९ पासून, त्यानं चाक जाम होत नाही, एवढं तरी बरं झालं.

आणि दुसरं, वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होते. हे आपल्याला सरांनी फळ्यावर शिकवलं होतं, गतिज ऊर्जा, वेगाचा वर्ग. तेव्हा पाच मार्कांसाठी पाठ केलं. ऐंशीच्या वेगात गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. समोर काही दिसलं आणि पायानं ब्रेक दाबायला एक सेकंद गेला, तर तेवढ्यात इथून त्या फाटकापर्यंत आपण काहीच न करता पोचलेलो असतो.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची. सरकारचा आकडा आहे. अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात गाडी दिली आणि काही झालं तर कायद्यानं आता पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे सांगितलं की पालक मला म्हणतात, "आपल्या काटोलात कोण पाह्यते?" बरोबर आहे. आपल्यालाही कोणी पाह्यलं नव्हतं.

आता जे सांगायचं म्हणून मी उभा राहिलो ते सांगतो. संयोजकांना हे माहीत नाही. ज्याच्याबद्दल आहे तो समोर बसला आहे, तिसऱ्या रांगेत. त्याचं नाव घेत नाही, सगळ्यांना कळेलच. काल रात्री त्याच्या घरी जाऊन त्याची परवानगी घेतली. तो म्हणाला, "सांग. पण लांबवू नको."

१९८९ चा नोव्हेंबर. आपण बारावीला. आंबिया बहाराची तोड सुरू होती. माझ्या मामांची बुलेट होती, सगळ्यांना आठवत असेल, काळी. मामा लग्नाला अमरावतीला गेले होते. त्यांनी मला निक्षून सांगितलं होतं, बुलेटले हात लावायचा नाही. संध्याकाळी मी चावी घेतली. मी हिरो होंडा शिकलो होतो, एका मित्राच्या वडिलांची. बुलेट दोनदाच चालवली होती, तीही मामा मागं बसून. मागं हा बसला, आणि पारडसिंग्याकडं निघालो.

जुन्या बुलेटचं तुम्हाला माहीत असेल-नसेल. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. बाकी सगळ्या गाड्यांच्या उलट. शांत रस्त्यावर डोकं सांगते आणि पाय ऐकतो. घाबरल्यावर पाय डोक्याला विचारत नाही.

अंधार पडला होता. समोर संत्र्याच्या पेट्या भरलेली बंडी. बंडीला दिवा नव्हता, हे खरं. पण ती आपल्या बाजूनं, हळू, बरोबर चालली होती. मला ती दिसली तेव्हा मी उजवा पाय पूर्ण ताकदीनं दाबला. हिरो होंडाला तिथं ब्रेक असतो. बुलेटला तिथं गिअर होता. खाली दाबला की वरचा गिअर पडतो. हाताचा ब्रेक आठवलाच नाही. गाडी बंडीच्या मागच्या कोपऱ्याला घासून डाव्या अंगावर पडली. मी फेकलो गेलो, खरचटलं. याचा डावा पाय गाडीखाली आला. गुडघ्याच्या खाली दोन ठिकाणी मोडला.

हा कोण होता ते आठवा. रोज खेड्यावरून नऊ किलोमीटर सायकलनं यायचा, नऊ जायचा. शाळेच्या सायकल शर्यतीत आठवी ते अकरावी, चारही वर्षे पहिला. दुसरा नंबर कोणाचा यावरच आपली भांडणं व्हायची. त्याला सैन्यात जायचं होतं. पी.टी.चे सर त्याला पहाटे मैदानावर पळवायचे. सर, तुम्ही त्याच्यासाठी स्वतःच्या पैशानं बूट आणले होते, मला माहीत आहे.

दवाखान्यात मामा आले, माझे वडील आले, याचे वडील आले. मामांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी तोंड उघडायच्या आधी हा खाटेवरून म्हणाला, "मी."

आणि मी गप्प राहिलो.

नंतर मी त्याला विचारलं, असं कशाला बोलला बे? तो म्हणाला, "माहा पाय तं मोडलाच आहे. तुले कशाले मार खाऊ घालू?" अठरा वर्षांच्या पोराचं उत्तर. त्याला वाटलं गोष्ट तिथं संपेल. मलाही वाटलं. पण संपली नाही. मामा म्हणाले, गाडीचं नुकसान भरून द्या. पुढचा फोर्क वाकला होता, हेडलाइट फुटला होता, मडगार्ड गेलं होतं. अकराशे रुपये. काकाजींनी, म्हणजे याच्या वडिलांनी, एक शब्द न बोलता ते अकराशे रुपये पाच हप्त्यांत आणून दिले. दुसऱ्याच्या बगीच्यात तोडीची मजुरी करणारा माणूस. पोराच्या पायाचा खर्च वेगळा. प्रत्येक हप्ता द्यायला ते आमच्याच घरी यायचे, कारण मामा खेड्यावर राहायचे. दोनदा तर ते पैसे मी माझ्या हातानं घेतले. माय त्यांना चहा द्यायची. ते मला विचारायचे, "बाबू, तुले लागलं नाही ना जास्त?"

बंडीवाल्याला पण लोकांनी त्या रात्री चार शिव्या दिल्या आणि त्याच्या पेट्या रस्त्यावर फुटल्या त्याचे पैसे त्याला कोणी दिले नाहीत. ते मला नंतर बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं. त्याचं नाव मला कळलं नाही.

मी का सांगितलं नाही? पहिल्या दिवशी भीतीनं. दुसऱ्या हप्त्याला लाजेनं, कारण पहिला हप्ता घेऊन झाला होता. मग बारावीची परीक्षा. मग मामा गेले. माझं गॅरेज सुरू झालं तेव्हा मी अकराशे रुपये घेऊन याच्याकडे गेलो. हा म्हणाला, "बाबाले द्यायला जाशीन तं ते विचारतीन कशाचे. त्याहिनं समजून घेतलं आहे का पोरानं चूक केली, आता त्याहिले नव्यानं कायले सांगतो?" मी पैसे परत घेऊन आलो. मला सोपं वाटलं म्हणून परत आलो, हेही खरंच. काकाजी २००६ ला गेले. त्यांच्या डोक्यात शेवटपर्यंत हेच होतं की त्यांच्या पोरानं दुसऱ्याची गाडी ठोकली.

याचा पाय बरा झाला, पण पाऊण इंच आखूड राहिला. सैन्य गेलं. त्यानं एक रोप, दोन रोपं करत, आधी ठोक्यानं आणि मग स्वतःच्या जमिनीवर संत्रा लावला. आज तुम्ही सकाळी नाश्त्याला जी संत्री खाल्ली ती त्याच्या बगीच्यातली.

आणि सायकल त्यानं सोडली नाही. आखूड पायानं पायडल मारलं की कंबर हलते, दहा किलोमीटरनंतर पाठ धरते. १९९४ ला मी त्याच्या डाव्या पायडलवर बाभळीच्या लाकडाचा गुटका बसवून दिला, पाऊण इंचाचा, चार बोल्ट लावून. दोन-तीन वर्षांनी तो झिजतो. मग तो गॅरेजात येतो, काही बोलत नाही, सायकल उलटी करून ठेवतो. मी नवा गुटका कापतो. असे आतापर्यंत अकरा झाले. आता रबराचा करतो, पावसात घसरत नाही.

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, एकट्यानं, बारा दिवसांच्या आत सायकल चालवून गेले. त्याच वर्षी नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथही. ती बातमी वाचून हा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "अबे, नागपुरात दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे राह्यते. साडेतेरा तासांत पुरी करा लागते. गुटका टिकन का?" मी म्हटलं, गुटका टिकन, तू टिकशीन का? तो गेला. मी मागून माझी गाडी घेऊन गेलो, एक जादा गुटका खिशात ठेवून. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यानं ती साडेतेरा तासांच्या वीस मिनिटं आधी पूर्ण केली. मी रस्त्याच्या कडेला बसून होतो. त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "बाबा असते तं पाह्यला आले असते."

तर गाडी मी चालवत होतो. एवढंच मला या मांडवात, सरांसमोर, आणि याच्या दोन्ही पोरांसमोर सांगायचं होतं. पोरं मागं उभी आहेत. त्यांच्या आजोबांनी दिलेले अकराशे रुपये माझ्यावर आहेत. ते मी आज त्यांच्या हातात देतो म्हटलं तर मोठा नाही म्हणाला. "काका, शाळेत कोणा पोराले सायकल घेऊन द्या," म्हणाला. अकराशेत आज सायकल येत नाही. बाकीचे मी टाकले आहेत. सायकल तिथं स्टेजच्या बाजूला उभी आहे, निळी. कोणाला द्यायची ते हेडसर ठरवतील. दर महिन्याला तिची चेन, ब्रेक आणि हवा माझ्याकडं.

माझा पोरगा पण आता अठराचा झाला. त्याला आरएक्स हवी आहे. गॅरेजात एक खोलून ठेवली आहे, क्रँक बनवायला नागपूरला दिला आहे. तो स्वतः जोडेल, तेव्हा चालवेल. आरसे राहतील.

उद्या सकाळी सहाला शाळेच्या फाटकापासून पारडसिंग्याला सायकलनं जायचं आहे, कार्यक्रमपत्रिकेत नाही, पण जायचं आहे. चौदा सायकली मी आणून ठेवल्या आहेत, हवा भरली आहे, ब्रेक पाहिले आहेत. उंची सांगून जा म्हणजे सीट लावून ठेवतो. डॉक्टरांनी मनाई केली असेल त्यांनी ऑटोनं या. बाई, तुमच्यासाठी एक लुना शोधून आणली आहे, प्लग साफ केला आहे. आणि पुढं हा राहील. त्याच्या पुढं कोणी जायचं नाही.